उबेचा संप

लॉरेन्स, अमेरिका
२८ जानेवारी १९१२

वहिनी,

तुम्ही पाठवलेली अंजिरांची माळ पोचली. खोलीत आम्ही चौघी राहतो, चौघींनी मिळून ती एका संध्याकाळी संपवली. आमच्यातल्या मारूननं तर दोराही चोखला.

अक्षर वाकडं आलंय त्याकडे लक्ष देऊ नका. इथे थंडी फार, बोटं वळत नाहीत.

आता बसून वाचा. आम्ही काम बंद केलंय. मी एकटी नाही, अख्ख्या शहराच्या गिरण्या. सरकारनं आठवड्याचे दोन तास कमी केले, म्हणून मालकांनी तेवढा पगार कापला. पोलिश बायकांनी पाकीट उघडून पाहिलं आणि माग थांबवून सरळ बाहेर पडल्या. मग इटालियन, मग आपण. कोणाची भाषा कोणाला कळत नाही, पण 'नाही' हा शब्द सगळ्यांनी एकमेकींकडून शिकून घेतलाय.

रस्त्यात उभं राहिलं की पोलीस म्हणतात वाट अडवली. म्हणून आम्ही उभ्याच राहत नाही. हातात हात घालून गिरण्यांभोवती फिरतो, मोठी साखळी करून, सबंध दिवस, बर्फात. आत जाणाऱ्याला वाटच सापडत नाही आणि आम्ही तर नुसत्या चालतोय! पुढे आपली मंडळी ढोल घेऊन असतात, इथे आपल्याला सीरियन म्हणतात. ढोल मिल्हेम वाजवतो, तो झाहले गावचा आहे. काल बर्फानं ढोलाचं कातडं सैल पडलं, तर मिल्हेमनं ते कोणाच्या तरी चुलीवर शेकून आणलं. मिल्हेम म्हणतो, मालक हरतील. मिल्हेमचा आवाजही ढोलासारखाच आहे.

तुम्ही काळजी करू नका. मी धडधाकट आहे. भातखिचडी आणि मसूर फुकट मिळतात, आपल्याच बायका रांधतात.

तुमची नणंद,
लबीबा

---

ऐन-जोझा, लेबनॉनचा डोंगर
१४ मार्च १९१२

लबीबा वन्सं,

तुमचं पत्र गावाच्या भट्टीवर वाचलं. मी वाचायला लागले की भाकऱ्या करपतात, म्हणून आता भट्टीवाली मला आधी विचारते, "हिलानी, पत्र मोठं आहे का छोटं?" तुम्हाला माहीतच आहे, अर्धी अक्षरं मला तुमच्या दादानं, तन्नूसनं शिकवली आणि उरलेली मी रेशीमकिड्यांच्या टोपल्यांत अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवरून शिकले. त्यामुळे मला युद्धाच्या बातम्या नीट वाचता येतात, पण शेवट कधीच सापडत नाही. शेवट नेहमी किड्यांखाली.

तुमच्या पत्रात संपापेक्षा तो ढोलवालाच जास्त आहे, हे सगळ्या बायकांच्या लक्षात आलं. मी पुढचं वाचायला घेतलं.

आता आमचं ऐका. तुम्ही इथून गेलात तेव्हा कारखान्याचं दार नुसतं लोटलेलं असायचं. म्हातारे मालक वारल्यावर त्यांचा मुलगा ख्वाजा इस्कंदर बसला, आणि त्यानं काम चालू असताना दाराला बाहेरून कुलूप घालायला सुरुवात केली. म्हणे बायका मधेच उठून घरी जातात, धागा तुटतो. चावी नासीफकडे. तो आता मुकादम झालाय. चावी दोरीत ओवून गळ्यात, सदऱ्याखाली ठेवतो, दारू पिऊन पडला तरी तिथेच असते. आत पन्नास बायका, उकळत्या पाण्याची घंगाळं, वाफ, मेलेल्या किड्यांचा वास, आणि बाहेर कुलूप.

आम्हाला पगार जास्त नकोय असं नाही. पण आधी हे कुलूप जायला हवं. का, ते विचारू नका. प्रत्येकीकडे आपापलं कारण आहे.

तर तुमचं पत्र वाचून कफा म्हणाली, "आपणही फिरू या साखळी करून." कफा आठवते ना? सहा मुलींनंतर सातवी झाली म्हणून बापानं जिचं नावच 'पुरे' ठेवलं, ती. आम्ही उजाडायच्या आत जमलो. हातात हात घातले. निघालो. आणि वन्सं, कारखान्याच्या मागे तर दरी! एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला कडा. भोवती फिरणार कशा? बकऱ्याही फिरत नाहीत तिथून.

कफा म्हणाली, "मग चर्चभोवती फिरू. ते मोकळं आहे."

थंडीनं सगळ्यांचे दात वाजत होते, डोळ्यांत पाणी. दुसरा फेरा संपला तेवढ्यात पाद्रीबाबा बूलुस कंदील घेऊन बाहेर आले. उपासाचे दिवस, पहाटेची वेळ, पन्नास बायका हातात हात घालून रडत चर्चला प्रदक्षिणा घालताहेत. त्यांनी कंदील खाली ठेवला आणि छातीवर क्रूसाची खूण केली. म्हणाले, "पोरींनो, मला सांगितलं असतं तर मी क्रूस आधीच काढून ठेवला असता!" आणि घंटा वाजवली. गाव उठलं. पाद्रीबाबा पुढे, धूप, क्रूस, मागून आम्ही. काय सांगणार त्यांना? सारा वीस वर्षांत चर्चची पायरी चढली नव्हती, ती घाबरून सगळी स्तोत्रं म्हणत होती.

एवढ्यात ख्वाजाची घोडागाडी आली. त्यानं डोक्यावरची लाल टोपी काढून हातात धरली. म्हणाला, "माझ्या कारखान्यातल्या बायका इतक्या भाविक आहेत हे मला ठाऊक नव्हतं," आणि प्रत्येकीला एक मेणबत्ती देवविली.

मग आम्ही मेणबत्त्या घेऊन कामावर गेलो. नासीफनं बाहेरून कुलूप घातलं. आत आम्ही इतक्या हसलो की धागे तुटले.

पण वन्सं, हसून कुलूप निघत नाही. तुम्ही तिथे शिकला आहात, काही सुचवा.

हिलानी

---

लॉरेन्स
१८ एप्रिल १९१२

वहिनी,

आम्ही जिंकलो! तुम्ही चर्चभोवती फिरत होतात त्याच दिवसांत इथे पगार वाढवून मिळाला. मैदानात हजारो माणसं होती, सगळ्यांनी आपापल्या भाषेत एकच गाणं म्हटलं आणि ते अजिबात जुळलं नाही. असं बेसूर मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि असं सुंदरही.

तुमचं पत्र मी खोलीत वाचून दाखवलं. आमची मारून हसता हसता पलंगावरून खाली पडली. वहिनी, गिरणीभोवती फिरायचं होतं, देवाभोवती नाही!

सुचवा म्हणता, तर ऐका. आमचा उपाय तुमच्या दरीत चालणार नाही, हे तुम्ही बघितलंच. मालकाला तुमच्याकडून असं काय लागतं, जे त्याला दुसरीकडे विकत मिळत नाही, ते शोधा. इथे संपाच्या सभेत एक इटालियन बाई रोज हेच विचारायची.

आता एक बोलते, राग आला तर येऊ द्या. तुम्हाला कुलपाचं एवढं का लागलंय ते मला कळलं नाही. कुलूप असो नसो, तुम्ही कधी वेळेआधी घंगाळावरून उठलात? दादा गेला त्या दिवशीसुद्धा तुम्ही कामावर होतात. मावशीनं मला तसं लिहिलं होतं. मी तीन वर्षं हे मनात ठेवलं, पत्रातून कधी येऊ दिलं नाही. आज आलं. आता खोडत नाही, शाई महाग आहे.

मिल्हेमबद्दल तुम्ही उगाच काहीबाही लिहू नका.

लबीबा

---

ऐन-जोझा
२६ मे १९१२

लबीबा वन्सं,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी किड्यांना पाला घालत होते. त्यांची शेवटची झोप संपलीय, आता ते थांबतच नाहीत. घरभर चराचरा चावण्याचा आवाज असतो. पत्र वाचलं, खिशात ठेवलं, सगळ्या टोपल्या भरल्या, मग पुन्हा वाचलं.

आधी आनंदाचं सांगते. शेवटी तुमच्या बोलण्याचं.

तुम्ही विचारलंत, मालकाला दुसरीकडे काय विकत मिळत नाही. तुमचं पत्र समुद्रात असतानाच आम्हाला ते सापडलं होतं. ऊब.

एप्रिलात ख्वाजाचा कारकून नेहमीसारखा अंड्यांच्या डब्या वाटत आला. तुम्हीही लहानपणी अंडी उबवली आहेत: मलमलची थैली शिवायची, छातीशी बांधायची, दिवसा अंगावर, रात्री कुशीत, आठदहा दिवस. भांडायचं नाही, धावायचं नाही, तापही येऊ द्यायचा नाही. आईनं तुम्हाला तेव्हा झाडावर चढू दिलं नाही म्हणून तुम्ही केवढा आकांत केला होता. अख्ख्या गावाचं रेशीम दर वर्षी आधी आमच्या पोलक्यात असतं. इतकी वर्षं आम्ही ते उबवतोय आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही!

डोक्यात आलं ते कफाच्या. ती म्हणाली, "हिलानी, अंगातली ऊब कुलपात ठेवता येते का?"

आम्ही कारकुनाला नाही म्हटलं नाही. गोड बोलून डब्या घेतल्या आणि सगळ्या नेऊन झऱ्याच्या गुहेत ठेवल्या, जिथे उन्हाळ्यातही दही आंबत नाही. तिथे अंडी मरत नाहीत, नुसती झोपून राहतात. इकडे तुतीला पालवी फुटली. पानं रोज मोठी होत होती. किडे उशिरा निघाले तर पान जून होतं, बारक्या किड्यांना चावत नाही. तेव्हा घाई आम्हाला नव्हती, झाडांना होती.

ख्वाजा आला. "काय हिलानी, अंडी फुटली का?"

"नाही ख्वाजा. थंड आहेत."

"थंड? का?"

"आम्हालाच हुडहुडी भरलीय. कुलूप बघितलं की भरते. दाराला बाहेरून कुलूप असेपर्यंत आमच्या अंगात ऊब यायची नाही."

तो आधी हसला. मग त्याला कळलं. मग ओरडला, की डब्या परत करा, ऊब काय तुमच्या बापाची आहे का?

सारा म्हणाली, "नाही, आईची."

आम्ही डब्या परत दिल्या. एकीनंही खळखळ केली नाही.

त्याला वाटलं, शेगडी लावून काम होईल. पण त्याची आई, म्हातारी मालकीणबाई सित्त अदला, काठी घेऊन आडवी आली. तिच्या सासऱ्यानं एके वर्षी शेगडीवर अंडी ठेवली होती, ती सगळी भाजली. तिनं सांगितलं, "अंड्याला अंग लागतं. बायका नसतील तर पुरुषांची अंगं आण." म्हातारी हे चिडून म्हणाली, पण पोरानं खरंच मानलं! दोन कारकून, गाडीवान आणि नासीफ, चौघांना ख्वाजाच्या माडीवर गाद्यांवर बसवलं आणि काखेत, पोटाशी, छातीशी थैल्या बांधल्या. ओरडायचं नाही. दारू नाही. घाम आला तर वारा घ्यायचा नाही, शिंक आली तर हळू.

वन्सं, बातमी गावात पोचायला किती वेळ लागला असेल?

आम्ही सगळ्या गेलो. रिकाम्या हाती कशा जाणार? बाळंतिणीकडे जाताना नेतात तशी मुघली केली, तांदळाच्या पिठाची, शहाजिरं घालून, वर अक्रोड पेरून. चार वाडगे. दारातूनच आरोळ्या दिल्या, बारशाला देतात तशा, जीभ हलवून.

"मुबारक नासीफ! मुलगा की मुलगी?"

"कळा येताहेत का रे?"

"डाव्या कुशीवर वळ, बाळ आडवं येईल!"

नासीफचा चेहरा वांग्यासारखा झाला होता, पण ओरडता येईना. दातांतल्या दातांत म्हणाला, "हिलानी, एकदा ही थैली सुटू दे, मग बघतो."

कफा म्हणाली, "राग करू नकोस, दूध आटेल."

गाडीवान हसता हसता गादीवरून घसरला आणि त्याच्या काखेतली थैली फुटली. सित्त अदला धावली. गोळा करता करता तिनं नासीफची थैली तपासायला हात घातला आणि थांबली. तिनं त्याच्या सदऱ्यातून दोरी ओढली. एका दोरीला थैली, दुसरीला कारखान्याची चावी. हातभर लोखंड, आणि अंडी त्याला टेकलेली. अंगाची सगळी ऊब चावीच खात होती.

"गाढवा," ती म्हणाली, "लोखंडाशेजारी अंडं उबतं का? काढ ती."

"सित्त, ख्वाजानं सांगितलंय चावी गळ्यातून काढायची नाही."

"ख्वाजाला मीच छातीशी उबवलंय. काढ."

त्यानं काढली. म्हातारीनं चावी मुठीत धरली. मग तिनं मुलाला हाक मारली. आमच्यासमोरच म्हणाली, "तुझ्या बापानं कधी दाराला कुलूप घातलं नाही आणि कधी धागा कमी पडला नाही. मी स्वतः त्या घंगाळावर बसले आहे, तुला लाज वाटते म्हणून बोलत नाही. ह्या बायकांना अंडी दे आणि कुलूप मला."

ख्वाजा खिडकीजवळ गेला. बाहेर तुतीची झाडं होती. पानं तळहाताएवढी झाली होती. तो खाली गेला.

दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांसमोर ठरलं: दाराला आतून कडी राहील, बाहेरून काही नाही. जिला उठायचं ती सांगून उठेल. त्याच संध्याकाळी आम्ही थैल्या बांधल्या. किडे थोडे उशिरा निघाले, पण निघाले. पान जरा जून होतं, म्हणून पहिले दिवस आम्ही ते केसासारखं बारीक चिरून घातलं. आता बघा, खाताहेत.

कुलूप सित्त अदलानं मला दिलं. फार जड आहे. सध्या सलगमच्या लोणच्यावर दाब म्हणून ठेवलंय.

आता तुमचं बोलणं.

तन्नूस गेला त्या दिवशी मी कामावर होते, मावशीनं खरंच लिहिलं. सकाळी त्याला बरं वाटत होतं. मला म्हणाला, जा, संध्याकाळी मला पेपर वाचून दाखव. दुपारी मावशीच धावत आली, खिडकीखालून ओरडली, "हिलानी, ये, तो बोलावतोय." मी दाराशी गेले. कुलूप होतं. नासीफ खेचराला नाल मारून आणायला खालच्या गावात गेला होता आणि चावी त्याच्या गळ्यात. मी दार वाजवत राहिले. माझ्याबरोबर सगळ्या बायकांनीही वाजवलं. खिडक्यांना गज आहेत, तुम्हाला माहीत आहे. नासीफ आला तेव्हा ऊन उतरलं होतं. मी पळाले. तन्नूसचा हात अजून कोमट होता.

हे मी तुम्हाला लिहिलं नाही आणि मावशीलाही लिहू दिलं नाही, कारण तुम्ही समुद्रापलीकडे होतात आणि रडलात तर डोकं मांडीवर घ्यायला तिथे कोणी नव्हतं. आता ढोलवाला आहे, म्हणून लिहिते.

तुमचा राग मी वाचला. तो भावासाठी आहे. तो मला चालतो.

हिलानी

---

लॉरेन्स
१ जुलै १९१२

वहिनी,

तुमचं पत्र मी खोलीत वाचून दाखवलं नाही. पहिल्यांदाच. मिल्हेमला मात्र दाखवलं. नासीफच्या बाळंतपणापर्यंत तो पोट धरून हसत होता, मग त्यानं पत्र माझ्या हातात दिलं आणि उरलेलं मी एकटीनं वाचलं. तुम्ही लिहिलंत तसंच झालं. डोकं ठेवायला जागा होती.

तीन वर्षं मी दादाच्या दाराशी तुम्हाला उभं केलं आणि म्हटलं, ही आत का जात नाही. तुम्ही दुसऱ्याच दाराशी होतात.

मीही एक लपवलं होतं. माझं अक्षर थंडीनं वाकडं नव्हतं. संपाच्या पहिल्याच आठवड्यात बर्फावर घसरून उजवं मनगट मोडलं. ती पत्रं डाव्या हाताची आहेत. मला उचलून नेलं ते मिल्हेमनं, ढोल तिथेच टाकून. पोलिसांनी ढोल जप्त केला; मग त्यानं दुसरा मागून आणला, पण पहिल्याची त्याला अजून हळहळ आहे. हे पत्र उजव्या हाताचं, बघा, किती सरळ आलंय.

आम्ही ऑक्टोबरात लग्न करतोय. तुम्हाला आधीच कळलं होतं, तेव्हा चकित झाल्याचं सोंग करू नका. या म्हणणार नाही, तुम्ही यायच्या नाहीत. दादाला सोडून तुम्ही कुठे जाणार? पण डोक्यावर घ्यायला तुमच्या हातचं काहीतरी पाठवा.

आणि वहिनी, दार खरंच उघडं राहतं का, ते बघून मला लिहा. मालकांवर माझा विश्वास नाही.

लबीबा

---

ऐन-जोझा
१० ऑगस्ट १९१२

लबीबा वन्सं,

चकित झाले! बघा, सोंग केलं.

सोबत रेशमी ओढणी आहे. धागा माझ्याच अंगावर उबलेल्या किड्यांचा. मी तो घरीच काढला, सारानं विणला, कफानं किनार केली आणि दोन ठिकाणी चुकवली, त्या चुका हातात धरा म्हणजे दिसणार नाहीत. सित्त अदलानं बदाम पाठवलेत. नासीफनंही काही पाठवू का विचारलं. कफा म्हणाली, "तू बाळाचं कर, आम्ही लग्नाचं करतो." आता गावात त्याला उम्म नासीफ म्हणतात, नासीफची आई. तो रागावतो, पण परवा त्यानं स्वतःच मला मुघली कशी करतात ते विचारलं. आवडली होती म्हणे.

पाद्रीबाबांनी तुमच्यासाठी चर्चभोवती फेरा काढायचं ठरवलंय. आम्ही विरोध केला नाही. सवय झालीय.

आता दाराचं.

कोष आले आणि गेल्या सोमवारी कारखाना सुरू झाला. सगळ्या आत गेलो. दार लोटलं. बाहेरून काहीच आवाज आला नाही. आम्ही पन्नासजणी कान देऊन बसलो होतो, तो खडखडाट ऐकायची इतकी सवय होती. मग कामाला लागलो. पहिले दिवस कोणी उठलीच नाही. मीही नाही.

काल दुपारी पाणी उकळत होतं, धागा छान चालला होता. मी हात पुसले आणि उठले.

नासीफनं विचारलं, "कुठे?"

"बाहेर."

"कोणी आजारी आहे?"

"नाही."

"कोणी बोलावलंय?"

"कोणी नाही."

तो दाराशी आडवा आला. कफानं नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो बाजूला झाला.

मी कडी काढली. बाहेर लख्ख ऊन होतं, बऱ्याच वर्षांत मी कामाच्या दिवशी दुपारचं ऊन पाहिलं नव्हतं. चढण चढून अक्रोडाखाली गेले, तन्नूसपाशी. त्याला सांगितलं, लबीबाचं लग्न आहे, नवरा ढोल वाजवतो. जुना पेपर खिशात होता, टोपलीतला, त्यातलं थोडं वाचून दाखवलं. शेवट फाटलेला होता. पण त्याला माझी सवय आहे.

मग उतरून परत आले. दार उघडंच होतं.

हिलानी